दूधबिल, हळदीची पट्टी आणि रिपोर्टमधली फील्ड

प्रश्न पलूस तालुक्यातल्या एका तरुण प्रोग्रामरचा आहे. गावच्या दूध संस्थेसाठी दहा दिवसांचं बिल काढणारा प्रोग्राम त्यांनी सी शार्प ही भाषा आणि फास्टरिपोर्ट हे छापील रिपोर्ट मांडायचं साधन वापरून केलाय. तक्रारी अशा: उत्पादकाचं नाव लांब असलं की कापलं जातं. गाव भरलेलं नसेल तर ‘मु. पो. , ता.’ असं काहीतरी लोंबकळत राहतं. दूध घातलंच नाही त्या वेळेपुढे ०.०० छापतं. बेरजेत एक-दोन पैशांचा फरक येतो. सर्व्हरवरून पीडीएफ काढली की मराठी अक्षरं फुटतात. आणि शेवटी त्यांनी विचारलंय, ‘स्थिर मजकूर आणि डेटा फील्ड (नोंदीतल्या किमतीनं भरली जाणारी जागा) एकाच चौकटीत घालावं की वेगवेगळं? शिवाय छोट्या थर्मल प्रिंटरवर रोजची पावती कशी काढायची?’

मी सांगलीत वीसेक वर्षं हेच करतोय. अडत दुकानांच्या हिशेब पट्ट्या, पतसंस्थांचे खातेउतारे, दूध संस्थांची बिलं. सुरुवात क्रिस्टल रिपोर्ट्सवर झाली, मधे काही वर्षं जॅस्पर, आता बरंचसं फास्टरिपोर्ट. साधनं बदलली, चुका मात्र त्याच राहिल्या. कारण आपण रिपोर्ट डिझाइन करतो तेव्हा डोळ्यांसमोर ‘राम पाटील, १० लिटर, ३८० रुपये’ अशी गोंडस नोंद असते. छपाईला येतो तो ‘ज्ञानेश्वर पांडुरंग कुऱ्हाडे-देशमुख (सावंतवस्ती)’. फील्ड ठेवतानाच ते रिकामं आलं तर काय, मावलं नाही तर काय आणि उलट्या चिन्हाचं आलं तर काय, हे ठरवून टाकायचं. तुमच्या बहुतेक तक्रारी त्यातच मिटतील.

आधी एका चौकटीचा प्रश्न. माझा नियम सोपा आहे: वाचताना वाक्य होत असेल तर एकच चौकट, तक्ता होत असेल तर वेगळ्या. पत्ता, कालावधी, ‘आपले खाते क्र. अमुकवर जमा केले’ ही वाक्यं आहेत. इथं स्थिर मजकुराची एक चौकट, तिच्या शेजारी फील्डची दुसरी असं केलंत तर गाव ‘बुर्ली’ असो की ‘सावंतपूर’, फील्डची रुंदी तीच राहते आणि मधे दात पडल्यासारखी मोकळी जागा दिसते. फास्टरिपोर्टच्या टेक्स्ट ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे मजकुराच्या चौकटीत, मजकुराच्या पोटातच चौकटी कंसात फील्ड लिहिता येतं. (वाचायला सोपं म्हणून इथं फील्डची नावं देवनागरीत लिहितोय.)

मु. पो. [उत्पादक.गाव], ता. [उत्पादक.तालुका]

छापताना कंसातली जागा त्या नोंदीतल्या किमतीनं भरली जाते आणि पुढचा मजकूर आपोआप सरकतो. एक खोच लक्षात ठेवा. तुमच्या स्थिर मजकुरातच चौकटी कंस असेल, समजा तुम्ही ‘[टीप]’ असं लिहिलं, तर रिपोर्ट ‘टीप’ नावाचं फील्ड शोधायला जातो आणि चूक दाखवतो. त्यासाठी त्या ऑब्जेक्टच्या ‘ब्रॅकेट्स’ गुणधर्मात कंसाची खूण बदलता येते. मी सरळ गोल कंस वापरतो, डोक्याला ताप नको.

आता लोंबकळणारं ‘मु. पो.’. इथं चूक अशी होते की आपण फील्ड रिकामं आहे का ते बघतो, पण त्याच्या आधीच्या लेबलाला विसरतो. लेबल आणि किंमत यांचं नशीब एकत्र बांधायचं, आयआयएफ वापरून, म्हणजे ‘अट खरी तर हे, नाहीतर ते’:

[आयआयएफ([उत्पादक.गाव] == "", "", "मु. पो. " + [उत्पादक.गाव])]

हे चालतं, पण फक्त मासिकातल्या उदाहरणात. खऱ्या डेटामध्ये गाव ‘नल’ असतं, म्हणजे किंमत नोंदलेलीच नसते, किंवा रिकामं असतं, किंवा, आणि हे सगळ्यात छळणारं, त्यात एक स्पेस असते. ऑपरेटरला फील्ड सोडून पुढं जाता येत नव्हतं म्हणून त्यानं स्पेसबार दाबलेला असतो. मग ‘तालुका आहे पण गाव नाही’, ‘गाव आहे पण तालुका नाही’, स्वल्पविराम कुठं ठेवायचा, असं करत ती एक ओळ चार ओळींची होते. माझं मत विचाराल तर एका ओळीपेक्षा मोठी झालेली एक्स्प्रेशन, म्हणजे असं सूत्र, रिपोर्टमधून बाहेर काढायची. सी शार्पच्या वर्गात किंवा डेटाबेसच्या व्ह्यूमध्ये ‘पत्ताओळ’ नावाचं एक फील्ड करा, तिथं सगळी काटछाट करा, आणि रिपोर्टमध्ये फक्त [उत्पादक.पत्ताओळ] ठेवा. सहा महिन्यांनी तुम्हालाच ती फाइल उघडायची आहे.

०.०० ची गोष्ट जरा निवांत सांगतो, कारण तिथं माणसं दुखावतात. कृष्णाकाठच्या एका संस्थेत माझंच बिल असं छापलं होतं. एक तात्या बिल घेऊन थेट काउंटरवर आले. ‘आवो, सांजच्याला मी दूध घालतच न्हाई. आन हितं रोज शून्य लिवलंय. माझी म्हस काय आटलीय व्हय?’ सगळे हसले, पण तात्यांचं बरोबर होतं. दूध घातलं नाही, आणि घातलं पण नासकं निघालं म्हणून शून्य धरलं, या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली डेटाबेसमध्ये ‘नल’ असते, दुसरी शून्य. फास्टरिपोर्टच्या रिपोर्ट ऑप्शन्समध्ये ‘कन्व्हर्ट नल व्हॅल्यूज’ असा पर्याय आहे. तो चालू असला की नलचं शून्य होतं, मजकुराचं फील्ड असेल तर रिकामी अक्षरमाळ होते. म्हणजे दोन घटना रिपोर्टात पोचण्याआधीच एक झालेल्या असतात. हा पर्याय बंद करा आणि संकलनाच्या फील्डना ‘नल व्हॅल्यू’ गुणधर्मात एक आडवी रेघ द्या. ‘हाइड झिरोज’ नावाचा दुसरा एक गुणधर्म दिसेल, मोह होईल. पण तो लावला की नासक्या दुधाचं खरं शून्यही गायब होतं आणि मग भांडण उलट्या दिशेनं सुरू होतं. कपातीच्या रकान्यात मात्र तो खुशाल लावा. पशुखाद्य, ॲडव्हान्स, विमा यांपुढे शून्यांची माळ कुणालाच नको असते.

आणखी एक गंमत. पर्याय बंद केल्यावर हिशेब करणाऱ्या एक्स्प्रेशन तपासा. एसक्यूएलमध्ये सकाळ अधिक सायंकाळ अशी बेरीज केली आणि सायंकाळ नल असेल तर उत्तरही नल येतं. दिवसाची बेरीज रिकामी दिसली तर कारण हे. बेरीज करताना नलला शून्य माना, दाखवताना मानू नका.

कापल्या जाणाऱ्या नावांकडे येऊ. तुम्ही कोडमध्ये नाव अमुक अक्षरांवर तोडताय असं तुम्ही पाठवलेल्या चित्रावरून दिसतंय. ते आधी थांबवा. ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा दिसतो: ज्ञा, ने, श्व, र. संगणकाच्या लेखी तो दहा खुणांचा आहे: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. आठव्या खुणेवर तोडलात तर ‘ज्ञानेश्’ असं पाय मोडकं नाव छापतं. लांबी मोजून रुंदी कळत नाही, ही देवनागरीतली पहिली गोष्ट. तोडायचं काम चौकटीवर सोडा. नावाच्या चौकटीला ‘वर्ड रॅप’ आणि ‘कॅन ग्रो’ चालू करा, त्या बँडलाही (ओळीच्या आडव्या पट्ट्यालाही) ‘कॅन ग्रो’ द्या, म्हणजे नाव दुसऱ्या ओळीत उतरेल आणि ओळ उंच होईल. एवढ्यावर थांबलात तर शेजारच्या रकान्यांच्या रेघा अर्ध्यावर संपतात, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. त्या बाकीच्या चौकटींना ‘ग्रो टू बॉटम’ द्यायचं, म्हणजे सगळ्यांच्या तळाच्या रेघा एका पातळीवर येतात. जिथं जागा पक्की आहे, उदाहरणार्थ छापील स्टेशनरीवर, तिथं ‘ऑटो श्रिंक’नं अक्षर बारीक करता येतं, पण त्याला किमान आकार द्या. सहा पॉइंटांचं नाव सत्तरीतल्या माणसाला वाचता येत नाही.

उंचीबद्दलही सांगतो. इंग्रजीच्या सवयीनं ठेवलेली चौकट देवनागरीला बुटकी पडते. शिरोरेघेवर ‘र्कै’ आणि खाली ‘द्धू’ अशी दोन्हीकडची गर्दी असते. अक्षराच्या आकाराच्या दीडपट उंची धरा, मग ‘कूर्डू’चा ऊकार कापला जाणार नाही.

नाव कापलं गेलं तर माणूस चिडतो. रक्कम कापली गेली तर विश्वास जातो. क्रिस्टलमध्ये आकडी फील्डला ‘अलाउ फील्ड क्लिपिंग’ नावाची खूण असते. ती असली आणि आकडा चौकटीत मावला नाही, तर तो गुपचूप कापून छापला जातो. खूण काढली तर ‘#’ अशा खुणांची रांग दिसते. मला हे माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट. हळदीचा हंगाम, राजापुरी हळदीला दर चढलेला. एका पट्टीवर १,१२,४८० च्या जागी १२,४८० छापलं. उजवीकडून रांगेत लावलेला आकडा, त्यामुळे डावीकडचा एक गेला. जतकडचे शेतकरी होते, पट्टी उलटसुलट करून म्हणाले, ‘शेठ, माझं एक लाख कुठं गेलं ओ?’ शेठनं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. तेव्हापासून रकमेच्या चौकटीची रुंदी मी -९९,९९,९९९.९९ लिहून ठरवतो. उणे चिन्हासकट. आकड्यांना वर्ड रॅप बंद, ऑटो श्रिंक बंद. मावत नसेल तर मला दिसलंच पाहिजे.

उणे चिन्ह म्हणजे कागदावर येणारी खरी गोष्ट आहे. भाकड काळात दूध कमी, पशुखाद्याची उधारी जास्त, की निव्वळ रक्कम उणे जाते. ‘निव्वळ देय रक्कम : -८४०.००’ असं छापलं तर उत्पादकाला वाटतं संस्था देणार आहे. इथं बदलायचं असतं ते लेबल. म्हणजे ज्याला आपण स्थिर मजकूर समजतो तो मुळात स्थिर नाहीच. शून्याच्या वर ‘निव्वळ देय’, खाली ‘उत्पादकाकडून येणे’, आणि रक्कम चिन्हाशिवाय. एका आयआयएफचं काम आहे, पण दर वेळी कुणीतरी विसरतं.

स्थिर मजकुरावरून आठवलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला त्या आठवड्यात मी तीसेक दुकानांत फिरत होतो, कारण बिलाच्या साच्यात ‘व्हॅट’ हा शब्द आणि त्याचा टक्का हातानं टाइप केलेला होता. टक्का, कराचं नाव, संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, अध्यक्षांचं नाव, यातलं काहीही साच्यात टाइप करू नका. पॅरामीटर करा, म्हणजे ते बाहेरून भरता येईल. उद्या संस्थेची निवडणूक होईल आणि खालच्या सहीजवळ जुन्या अध्यक्षांचं नाव छापून बिलं गावात वाटली जातील. त्यातून होणारा वाद तांत्रिक नसतो.

आता बेरीज. हे तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरच दाखवतो. ७.३ लिटर, दर ३८.६५. गुणाकार २८२.१४५. सकाळ-सायंकाळ दोन्ही वेळा तेवढंच दूध. प्रत्येक ओळीत २८२.१५ छापलं, खाली बेरीज ५६४.२९. उत्पादकानं मोबाईलवर बेरीज केली, ५६४.३० आली. कारण तुमची ओळ फक्त दाखवताना दोन दशांशांवर आणली जाते, बेरीज मात्र मूळ तीन दशांशांच्या आकड्यांची होते. त्यात आणखी पाचर म्हणजे सी शार्पचं मॅथ राउंड, काही न सांगता वापरलं तर, नेमक्या मधल्या आकड्याला जवळच्या सम अंकाकडं नेतं. म्हणजे २८२.१४५ चं २८२.१४. आणि डेसिमल प्रकाराची तीच किंमत दोन दशांशांच्या फॉरमॅटनं मजकुरात आणली तर २८२.१५ दिसतं. एकाच प्रोग्राममध्ये दोन उत्तरं. त्यामुळे रक्कम नोंदीच्या वेळीच एकदा, ‘अवे फ्रॉम झिरो’ सांगून, दोन दशांशांवर आणा, डेसिमल प्रकारात साठवा, दशांश अंदाजे धरणाऱ्या डबलमध्ये नको. रिपोर्टमधल्या टोटलनं त्या साठवलेल्या रकमांचीच बेरीज करायची. रिपोर्टमध्ये लिटर गुणिले दर असा गुणाकार दिसला की समजा, कुठंतरी घोळ वाट बघतोय.

तो घोळ मी २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर पाहिला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी त्या वेळी ५७ च्या वर गेलं. गणपती पेठेत दुकानांत पाणी शिरलं, वह्या आणि कार्बनच्या प्रती लगदा झाल्या. माझ्या एका गिऱ्हाइकाचा डेटा बाहेर बॅकअपला होता, म्हणून आम्ही दुबार पट्ट्या काढून द्यायला बसलो. पहिल्याच पट्टीवर निव्वळ रक्कम चुकली. ज्याच्याकडं मूळ प्रत शाबूत होती त्यानं ती शेजारी ठेवून दाखवली. कारण साधं: हमाली आणि तोलाईचा दर मी व्यवहारात साठवला नव्हता, रिपोर्ट तो दरांच्या मास्टरमधून, म्हणजे चालू दरांच्या यादीतून, उचलत होता, आणि मास्टरमधला दर मधल्या काळात बदललेला. रिपोर्टनं जुन्या वजनाला नवा दर लावला होता. तीन रात्री जुने दर शोधून भरण्यात गेल्या. त्यामुळे तुमच्या बिलात जे जे छापतंय, दर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटशिवायचे घन घटक), कपातीचा हप्ता, ते सगळं त्या दिवशीच्या किमतीसह व्यवहाराच्या नोंदीत असू द्या. आणि काढलेली पीडीएफही जपून ठेवा. पुन्हा काढलेलं बिल आणि दिलेलं बिल या कायद्याच्या नजरेत वेगळ्या गोष्टी ठरू शकतात.

तारखेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमचा सर्व्हर क्लाउडवर आहे म्हणून सांगतो. असे सर्व्हर सहसा यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेवर असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. संकलन पहाटे पाचला सुरू होतं. भारतातले पाच म्हणजे तिथं आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेअकरा. साडेपाचच्या आधी आलेल्यांचं दूध कालच्या तारखेला आणि नंतर आलेल्यांचं आजच्या तारखेला, असं बिल मी स्वतः पाहिलंय. लवकर उठणाऱ्यांवरच अन्याय. संकलनाची तारीख आणि ‘सकाळ/सायंकाळ’ ही वेगळी फील्ड म्हणूनच साठवा, घड्याळावरून काढू नका. फॉरमॅटमध्ये महिन्यासाठी मोठ्या लिपीतला एम लागतो, लहान लिपीतला एम म्हणजे मिनिटं. १५/०७ च्या जागी १५/०० दिसलं की तेच झालंय. जावाकडून आलेल्यांना वर्षाचाही फटका बसतो: मोठ्या लिपीतला वाय आठवड्यांवर मोजलेलं वर्ष देतो, त्यामुळे ३० डिसेंबर २०२४ ची पट्टी २०२५ ची होते.

लाखाचे स्वल्पविराम. रिपोर्टला ‘कल्चर’ (भाषा-देशाची सेटिंग) ‘मराठी-भारत’ अशी स्पष्ट द्या, सर्व्हरच्या मर्जीवर ठेवू नका. डॉटनेट, म्हणजे सी शार्प ज्यावर चालतं ते, ३-२-२ असे गट बरोबर पाडतं. पण सर्व्हरवर प्रोग्राम चालवायच्या डॉकरच्या छोट्या प्रतिमांमध्ये ‘इन्व्हेरियंट’ अवस्था चालू असते, तिथं भाषांची माहितीच नसते. तुमच्या लॅपटॉपवर १,१२,४८० आणि सर्व्हरवर ११२,४८० येत असेल तर तिथं बघा. जावाचं मूळ डेसिमलफॉरमॅट तर असे दोन मापांचे गट पाडतच नाही, फक्त शेवटचा गट धरतं. देवनागरी अंक हवेत की इंग्रजी, हे संस्थेला विचारा; पण दाखवतानाच बदला, साठवताना कधीही नाही. खाते क्रमांक, आयएफएससी, वाहन क्रमांक मी आहेत तसेच ठेवतो. खाते क्रमांक आकडा म्हणून साठवलात तर सुरुवातीची शून्यं उडतात, तो मजकूरच आहे. आधार छापायची वेळ आली तर शेवटचे ४ अंक पुरे.

अक्षरी रक्कम काढायची असेल तर इंग्रजीचा कोड आणून भाषांतर करू नका. आपल्याकडं १ ते ९९ सगळे शब्द वेगळे आहेत, ‘सदतीस’ला नियम नाही. शंभर शब्दांची यादी ठेवायची, मग कोटी, लाख, हजार, शे असं उतरत यायचं. फक्त १०० ला ‘शंभर’ आणि १०१ ला ‘एकशे एक’ एवढं सांभाळा.

आता फुटणारी अक्षरं. इथं कुठं बिघडलंय हे कागदावरची खूण सांगते. प्रश्नचिन्हांची रांग असेल तर मजकूर डेटाबेसमध्ये जातानाच मेला. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकाना व्हारचार ठेवलात, युनिकोड साठवणारा एनव्हारचार नाही. तो मजकूर परत मिळत नाही, पुन्हा भरा. रिकाम्या चौकोनी पेट्या असतील तर डेटा ठीक आहे, फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. ₹ चं चिन्ह २०१० चं आहे, ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं. जुन्या फॉन्टात दोन्ही सापडत नाहीत. टोपी घातलेल्या इंग्रजी ए अक्षरांची खिचडी असेल तर यूटीएफ-८ मजकूर दुसऱ्या एन्कोडिंगनं वाचला जातोय, डेटा बहुधा शाबूत आहे. आणि तुमच्यासारखं, ‘कि’ मधली वेलांटी क नंतर, ‘र्ती’ मधला रफार सुटा, जोडाक्षराचे हलन्त उघडे, असं असेल तर शेपिंग होत नाहीये. साठवताना वेलांटी व्यंजनानंतर असते, दाखवताना आधी यायला लागते. हे सरकवण्याचं काम फॉन्टमधल्या नियमांनुसार शेपिंग इंजिन करतं. क्रोम, फायरफॉक्स हे ब्राउझर हार्फबझ नावाचं असं इंजिन वापरतात म्हणून तिथं बरोबर दिसतं. पीडीएफ बनवणाऱ्या अनेक लायब्ररी खुणा नुसत्या ओळीनं मांडतात.

तुमच्या बाबतीत मार्ग तीन. फास्टरिपोर्टच्या मुक्त आवृत्तीतला ‘पीडीएफ सिंपल’ पानाचं चित्रच पीडीएफमध्ये घालतो, त्यामुळे चित्र बरोबर बनलं तर पीडीएफही बरोबर येते, मात्र फाइल जड आणि त्यात शोध चालत नाही. आठशे उत्पादकांची बिलं ईमेलनं जाणार नाहीत. दुसरा, विंडोज सर्व्हर. तिथं शेपिंग सिस्टीमकडून मिळतं. तिसरा, जो मी हल्ली जास्त वापरतो: बिल एचटीएमएलमध्ये मांडायचं आणि सर्व्हरवरच्या क्रोमकडून पीडीएफ करून घ्यायची. डब्ल्यूकेएचटीएमएल-टू-पीडीएफ वापरायचा सल्ला अजून मिळतो, पण तो प्रकल्प २०२३ पासून बंद आहे, नव्या कामात घेऊ नका. पीएचपीवाल्यांसाठी एमपीडीएफ चांगलं आहे, फक्त फॉन्टच्या नोंदीत ओटीएल (शेपिंगचा पर्याय) चालू करायला लागतं. ते न करताच ‘एमपीडीएफला मराठी येत नाही’ म्हणणारे मला महिन्याला एक तरी भेटतात. मंगल हा विंडोजचा फॉन्ट, लिनक्सवर तो नसतो. ‘नोटो सान्स देवनागरी’ किंवा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट फाइलसकट प्रोग्रामबरोबर द्या.

एक गोष्ट मात्र शेपिंग सुधारून जाणार नाही. ‘कुऱ्हाडे’ दोन प्रकारे टाइप होतं: ‘ऱ’ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि मधे एक अदृश्य जोडखूण घालून. कागदावर दोन्ही सारखे दिसतात. पण रिपोर्टमध्ये नावावर गट पाडलात तर एका माणसाची दोन बिलं निघतात. ‘ॲ’ आणि ‘अ’वर चंद्र यांचंही तेच. युनिकोडचं एनएफसी नावाचं प्रमाण रूप करून घेतलंत तरी या दोन जोड्या एकरूप होत नाहीत, त्यासाठी स्वतःची बदलयादी लागते, आणि ती नोंद घेताना चालवायची. गट कायम उत्पादक कोडवर पाडा. जुन्या शिवाजी किंवा श्रीलिपी फॉन्टातली नावं असतील तर तीही एकदाच रूपांतर करून डेटाबेसमध्ये युनिकोड म्हणून भरा, रिपोर्टमध्ये दर वेळी रूपांतर करत बसू नका.

पानांचं थोडक्यात: निव्वळ रक्कम बिलाच्या माथ्यावर हवी असेल तर त्या टेक्स्टच्या ‘प्रोसेस ॲट’मध्ये गट संपल्यावर असं द्या, नाहीतर बेरीज व्हायच्या आधीच शून्य छापतं. ‘पान १ / २’ साठी डबल पास (रिपोर्ट दोनदा फिरवून आधी पानं मोजणं) चालू करायला लागतो, आणि प्रत्येक उत्पादकाला पान एकपासून हवं तर गटशीर्षावर पान क्रमांक नव्यानं सुरू करण्याचा पर्याय आहे.

माझ्याकडं प्रत्येक प्रकल्पात सहा खोट्या नोंदी असतात. सगळ्यात लांब नाव, गाव नसलेला, स्पेसवालं गाव, सात अंकी रक्कम, उणे रक्कम, आणि एक ‘कुऱ्हाडे’. साच्यात काहीही बदललं की आधी या सहा जणांची बिलं कागदावर काढतो. स्क्रीनवर नाही, कागदावर, आणि प्रिंटरच्या खिडकीत ‘पानाला बसवा’ची खूण काढून.

थर्मल पावतीसाठी: हे प्रिंटर सहसा देवनागरी ओळखत नाहीत, त्यांना मजकूर पाठवू नका, चित्र पाठवा. ५८ मिमीच्या कागदावर छपाईची रुंदी ३८४ ठिपके असते, ८० मिमीवर ५७६. तेवढ्याच रुंदीचं काळं-पांढरं चित्र सर्व्हरवर किंवा मोबाईलवर बनवा, मोठं करून बारीक केलेलं नको, मात्रा पुसट होतात. ३८४ ठिपक्यांत पूर्ण नाव, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम एका ओळीत बसणार नाही, प्रयत्नही करू नका. मी उत्पादक कोड मोठ्या अक्षरांत माथ्यावर टाकतो, त्याखाली लिटर आणि फॅट, आणि नाव सगळ्यात खाली बारीक. पहाटेच्या रांगेत कॅन पुढं सरकवताना माणूस नाव सांगतच नाही. ‘एकशे बेचाळीस’ म्हणतो, पावती घेतो आणि गाडीला किक मारतो.